चुंगबाई, आठवी ब

दर नोव्हेंबरात एका बुधवारी
मधल्या सुट्टीनंतर मी इतिहास शिकवत नसे.
माझगावच्या आमच्या शाळेचे तीन जिने
चुंगबाई कठडा धरून चढत.
खडू स्वतःचा आणत.
शाळेचा मऊ, म्हणत, रेघ धरत नाही.

आल्या की आधी बाकं सरकवायला लावत.
मग वाकून, मोजत, फरशीवर चौकट काढत:
चार पावलं लांब, तीन रुंद.
"सात जण बसा."
मुलं बसत, खिदळत, ढोपराला ढोपर.
"आता झोपा."
खिदळणं जरा कमी होई.
"आता यात एक बादली.
यात माझी आई, दिवस भरत आलेली.
आता साडेतीन वर्षं."

मराठी त्यांची डोंगरीच्या दवाखान्यातली,
कवळ्या घडवता घडवता
मालवणी म्हाताऱ्यांकडून उचललेली,
म्हणून मधेच 'खंय', मधेच 'गो'.
त्या मराठीत बासष्ट साल असं होतं:
आसामातलं माकुम. दारात पोलीस.
दोन दिवसांचे कपडे घ्या, म्हणाले.
सात दिवस गाडी.
स्टेशन आलं की खिडक्या ओढून घ्यायच्या,
बाहेर लोक दगड घेऊन.
मग राजस्थान, देवलीची छावणी, तारा.
भात कच्चा, बटाटा कच्चा,
आणि तारांपलीकडून चाललेला एक उंट.
"उंट पहिल्यांदा बघितला मी. आवडला.
ते पण लिहा वहीत."

"युद्ध किती दिवस चाललं?"
मुलं पुस्तक बघून सांगत: महिनाभर.
"माझं सहासष्टपर्यंत."

एका वर्षी तौसीफ धनसे उभा राहिला:
पण बाई, तुमचा गुन्हा काय होता?
"चौथीत होते. भूगोलात नापास.
नकाशात चीन दाखवता आला नव्हता."
वर्ग फुटला हसून. त्यांनी हसू दिलं.
तौसीफ तेवढा उभाच राहिला,
बस म्हणेपर्यंत.

चाळीस वर्षं त्या हे कुणाला बोलल्या नव्हत्या.
नवऱ्यालाही नाही.
तोही तिथलाच, बराक वेगळी.
हेडबाई म्हणाल्या होत्या, अभ्यासक्रमात नाही हो हे.
मी म्हटलं, बुधवारी चित्रकलेचा तास आहे,
चौकोन काढायला येतात त्या.

मला जे सांगायचं होतं
ते मी सहा नोव्हेंबर गिळलं.
सातव्या वर्षी, जिना उतरताना,
दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या तेव्हा बोलले:
माझे वडील लालबागच्या गिरणीत.
बासष्टला जमावाबरोबर डोंगरीला गेले होते,
तुमच्याच त्या दवाखान्यावर.
पाटी फोडली. घोषणा दिल्या.
वरचा एक दात त्यांनी तिथेच बसवून घेतलेला,
गणपतीच्या आधी, उधारीवर.
त्याच तोंडाने.

चुंगबाई कठड्यावरचा खडू झटकत राहिल्या.
"ती पाटी मी पुसायचे रोज. जोड दिसायचा."
मग खाली दोन पायऱ्या.
"दात टिकला का?"
शेवटपर्यंत, मी म्हटलं. चितेपर्यंत.
"डॉक्टर चांगला होता," त्या म्हणाल्या.
आणि फाटकाशी, टॅक्सीला हात करता करता:
"पुढच्या वर्षी हे तुम्ही सांगा. वर्गाला.
माझं झालं की मग तुमचं."

पुढच्या नोव्हेंबरात
सात जण चौकटीतून उठले, चड्ड्या झटकल्या,
आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
मला फळ्यासमोर हात कुठे ठेवावेत कळेना.
माझे वडील, मी म्हटलं,
चांगले होते, म्हटलं,
आणि तिथेच अडकले.
चुंगबाई शेवटच्या बाकावर, मुलींमध्ये,
पदर नव्हता म्हणून रुमालाने
चष्म्याची काच घासत होत्या,
कवळी घासावी तशी, आतून, बाहेरून.
मान वर न करता म्हणाल्या,
"मोठ्याने बोला, बाई.
मागे ऐकू येत नाही."